गुडघ्याखालचा गणवेश

१९०१ सालची उन्हाळ्याची सुट्टी. साताऱ्याहून निघालेली आगगाडी मसूर स्टेशनात थांबली आणि काही मुलं फलाटावर उतरली. अंगात विलायती कापडाचे नवे सदरे, डोक्यावर झगमगीत टोप्या, नेसूला रेशीमकाठी धोतरं आणि पायात नवे कोरे जोडे. खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर वडील खजिनदार होते, त्यांच्याकडे सुट्टी घालवायला ही पोरं निघाली होती. न्यायला कुणीच आलं नव्हतं. तासाभराने स्टेशन मास्तरनं चौकशी केली, तेव्हा कपड्यांवरून ती त्याला ब्राह्मणाची मुलं वाटली होती. 'आम्ही महार' असं उत्तर आलं आणि मास्तरचा चेहराच बदलला. पुढं बैलगाड्या होत्या, पण गाडीवान त्यांना बसवून घेईनात. अखेर दुप्पट भाडं ठरलं, कासरा मुलांनीच धरायचा आणि गाडीवानानं शेजारून चालायचं, असा तोडगा निघाला. वाटेत रात्रभर पाण्याचा घोट मिळाला नाही. त्या मुलांमधला एक होता भीमराव आंबेडकर. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये बाबासाहेबांनी पुढं हा सगळा प्रवास लिहून ठेवला.

मसूर हे कऱ्हाड तालुक्यातलं गाव. या लेखात पुढं येणारं कडेगाव तिथून काही फार लांब नाही, आणि त्या काळी ही दोन्ही गावं एकाच सातारा जिल्ह्यात होती. या मुलखातल्या मुलांच्या पोशाखाचा इतिहास लिहायचा तर मसूरच्या फलाटापासूनच सुरुवात करावी लागते. टोपीपासून जोड्यापर्यंत एकात एक जुळणारा पोशाख त्या मुलांनी घातला होता. घरच्यांनी हौसेनं तो शिवून घेतला होता, दुकानातून जोडे आणले होते. पोशाखानं त्यांना तासभर मान मिळवून दिला, आणि जातीचा उच्चार होताच तो मान काढून घेतला गेला.

त्याच वर्षी अमेरिकेत शिकागो किंवा बोस्टनच्या शाळेत जाणारा त्याच वयाचा मुलगा कसा दिसत असे, हेही पाहण्यासारखं आहे. अंगात कोट, खाली गुडघ्यापाशी संपणारी तोकडी विजार, आणि तिथून पायाच्या बोटांपर्यंत लांब काळे मोजे. त्यावर बांधीव बूट. हे मोजे गुडघ्याच्याही वर मांडीपर्यंत जात. ते घसरू नयेत म्हणून आतल्या बंडीला जोडलेल्या इलॅस्टिकच्या पट्ट्या त्यांना वर धरून ठेवत. थंडीत लोकरीचे, उन्हाळ्यात सुती. विजार तोकडी असल्यामुळे मुलाच्या अंगावर सगळ्यात आधी नजरेत भरत ते मोजेच, त्यामुळे त्यांचा रंग सूटशी जुळणं हे आईच्या टापटिपीचं लक्षण मानलं जाई.

काळाच रंग का, याला कारणं होती. १८७० च्या सुमारास तिथल्या मुलांच्या पायांत आडव्या पट्ट्यांचे, रंगीबेरंगी मोजे सर्रास असत. पण काळा रंग पक्का बसेना. घामानं आणि धुण्यानं तो सुटे, पाय काळे होत. पुढं जर्मनीतल्या केम्निट्झ शहरी पक्क्या काळ्या रंगाईचं तंत्र विकसित झालं आणि तिथल्या लुई हर्म्सडॉर्फच्या नावानं हा काळा रंग अमेरिकेतल्या जाहिरातींत गाजू लागला. रंग पक्का झाला, तसा तो मळखाऊ म्हणूनही आवडता ठरला. गोट्या खेळताना गुडघ्यावर झालेलं भोक त्याच रंगाच्या दोऱ्यानं रफू केलं की दिसत नसे. माँटगोमेरी वॉर्ड या कंपनीनं १८७२ साली टपालानं माल पाठवायला सुरुवात केली होती, सीअर्स रोबक पाठोपाठ आली, आणि त्यांच्या जाडजूड कॅटलॉगांतून काळे, जाड विणीचे मोजे दूरच्या शेतवाडीवरच्या घरांतही पोचले.

रंगांचे नेम हळूहळू ठरत गेले. निळ्या खलाशी सूटखाली काळे मोजे, उन्हाळ्याच्या पांढऱ्या सूटखाली पांढरे, चर्चमधल्या मोठ्या दिवसालाही पांढरे. १९१० नंतर तपकिरी आणि करड्या सूटबरोबर तपकिरी, बदामी छटा आल्या. १९२० च्या दशकात गुडघ्याखाली फुगीर बांधलेल्या निकरबॉकर विजारी मुलांच्या अंगावर रूढ होत्या आणि त्यांच्याबरोबर वरचा काठ दुमडलेले, चौकटींचे नक्षीदार मोजे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस लांब मोजे मागं पडले, घोट्यापर्यंतचे आखूड मोजे आले, आणि लांब पँट घालायचं वयही खाली आलं. तोपर्यंत पहिली लांब पँट म्हणजे मुलगा मोठा झाल्याची खूण होती.

या पोशाखाला पुस्तकांनी आणि चित्रांनीही हातभार लावला. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची 'लिटल लॉर्ड फाँटलरॉय' ही कादंबरी १८८५-८६ मध्ये आली आणि तिच्यातल्या छोट्या नायकाचा काळा मखमली सूट, लेसची कॉलर आणि लांब मोजे हजारो मुलांच्या अंगावर चढले. १९०२ मध्ये आर. एफ. औटकॉल्ट यांनी बस्टर ब्राऊन हा व्रात्य पोरगा वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत आणला. १९०४ च्या सेंट लुईस जत्रेत ब्राऊन शू कंपनीनं त्याचं नाव वापरायचा हक्क विकत घेतला, आणि बूट-मोज्यांच्या दुकानांत हा पोरगा कायमचा जाऊन बसला.

पण ही सगळी हकिगत शहरातल्या आणि खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांची झाली. ज्या सुतापासून हे मोजे विणले जात, ते सूत कातणाऱ्या गिरण्यांत लहान मुलं राबत होती आणि त्यातल्या अनेकांच्या पायांत काहीच नव्हतं. नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी लुईस हाइन या छायाचित्रकारानं १९०८ पासून या मुलांचे फोटो काढले. जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावच्या बिब मिलमध्ये जानेवारी १९०९ मध्ये काढलेला त्याचा फोटो जगभर पाहिला गेला. दोन छोटी पोरं चात्याच्या यंत्रावर चढून उभी आहेत, कारण जमिनीवरून त्यांचा हात वर पोचत नाही. अनवाणी पाय यंत्राच्या लोखंडी कडेवर टेकलेला आहे. अशा मुलांना गिरणीतून बाहेर काढणारा देशव्यापी कायदा टिकायला १९३८ साल उजाडावं लागलं.

दक्षिणेकडच्या राज्यांत अनवाणी पायांचा प्रश्न आरोग्याचाही होता. आकडाकृमी नावाचा जंत मातीतून पायाच्या कातडीत शिरतो, आतड्यात जाऊन रक्त पितो आणि माणूस फिकट, थकलेला, मंद दिसू लागतो. चार्ल्स स्टाइल्स या शास्त्रज्ञानं १९०२ मध्ये अमेरिकेतली या जंताची जात ओळखली. १९०९ मध्ये जॉन डी. रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर देऊन एक आयोग उभा केला. पुढची काही वर्षं त्याच्या डॉक्टरांनी अकरा राज्यांत फिरून औषध दिलं, संडास बांधायला लावलं आणि मुलांच्या पायांत बूट घाला असं आईबापांना सांगितलं. आळशी म्हणून हिणवली गेलेली मुलं खरं तर रक्तक्षयानं आजारी होती, हे तेव्हा लोकांना कळलं. आपल्याकडे शाळांतून १० फेब्रुवारीला जंतनाशक गोळी देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून चालतो, तोही अशाच जंतांविरुद्ध. कडेगाव तालुक्यातल्या प्राथमिक शाळेत गुरुजी पोरांना समोर उभं करून ती गोळी चावून खायला लावतात.

हिंदुस्थानात पायमोज्यांना एक राजकीय वजन होतं. देशी माणसानं साहेबाच्या कचेरीत पायताण बाहेर काढूनच आत जायचं, असा दंडक होता. १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीच्या काळात त्यात सूट मिळाली, पण ती फक्त युरोपियन पद्धतीचे बूट आणि मोजे घालणाऱ्यांना. पुणेरी जोडा किंवा कोल्हापुरी वहाण घातलेल्याला ती बाहेरच काढावी लागे. पायात मोजे चढवणं म्हणजे सत्तेच्या खोलीत चालत जाण्याचा परवाना झाला. सुधारलेल्या घरांतले बाप मुलांना बूट-मोजे का घालू लागले, हे या नियमावरून कळतं.

मोहनदास गांधींची गोष्ट याच काळातली आहे. १८९६ च्या अखेरीस कस्तुरबा, दोन मुलगे आणि भाचा यांना घेऊन ते आगबोटीनं डर्बनला निघाले. बॅरिस्टरच्या कुटुंबानं सुधारलेलं दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्या वेळी हिंदी लोकांत पारशी सर्वांत सुधारलेले मानले जात, म्हणून मुलांना पारशी कोट आणि विजार, आणि सगळ्यांच्या पायांत बूट-मोजे. आयुष्यात कधी न घातलेल्या बुटांनी मुलांची बोटं सोलवटली, मोजे घामानं वास मारू लागले. गांधीजींनी आत्मकथेत हे सगळं लिहिलं आहे. सवय व्हायला बराच काळ गेला, आणि पुढं सुधारणेचा हा सगळा बडेजाव त्यांनी स्वतःच उतरवून टाकला.

घाटमाथ्यावर त्याच सातारा जिल्ह्यात पाचगणी होती. थंड हवेमुळे तिथं युरोपियनांच्या आणि पारशांच्या निवासी शाळा उभ्या राहिल्या. तोकडी पँट, गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे, चामडी बूट, टाय आणि ब्लेझर हा विलायती शाळांचा साचा तिथं आला. मोज्याचा रंग शाळेच्या रंगाशी जुळवलेला असे. अमेरिकेत रंग आई निवडत होती. इथं तो शाळेच्या नियमांच्या कागदावर छापलेला असे आणि दुकानदाराकडे शाळेच्या नावानं मिळे. शाळेनं ठरवलेला पाय आपल्याकडे पहिल्यांदा आला तो या वाटेनं.

खाली, येरळा नदीच्या बाजूला चित्र वेगळं होतं. कडेगावचा परिसर पर्जन्यछायेतला. माळरान, मुरूम, बाभळी, सराटे आणि कुसळं. शाळेला जाणारं पोर अनवाणीच जाई. टाचेत बाभळीचा काटा मोडला की घरी आजी सुईनं तो कोरून काढी आणि तापवलेल्या बिब्ब्याचा चटका देई, म्हणजे पिकायला नको. पायाचं कातडं निबर होई, उन्हाळ्यात भेगा पडत. पायताण असलंच तर ते बापाचं असे, आणि पोराच्या वाट्याला यायचं ते जत्रेतून आणलेलं, दोन नंबर मोठं, वाढत्या अंगाच्या हिशोबानं.

शेजारच्या कुंडलवर औंध संस्थानचा अंमल होता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. त्यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. पोरं उघड्या अंगानं, चड्डीवर, अनवाणी पायांनी रांगेत नमस्कार घालत. शरीर कमवायला कपड्यांचा डामडौल लागत नाही, ही महाराजांची श्रद्धा होती, आणि १९३८ मध्ये त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक विलायतेतही निघालं. त्याच संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तिथले लोखंडी नांगर गावोगावी विकत फिरणाऱ्यांत एक तरुण होते भाऊराव पाटील.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं आणि सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. १९२७ मध्ये गांधीजी तिथं आले आणि त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. तिथल्या मुलांनी स्वयंपाक केला, दगड फोडले, शेतं कसली आणि त्यातून शिकली. अंगावर साधे जाडेभरडे कपडे, डोक्यावर टोपी. दाढी वाढवलेले, खांद्यावर घोंगडी टाकलेले, अनवाणी पायांनी गावं तुडवणारे भाऊराव लोकांच्या आठवणीत राहिले. मसूरच्या फलाटावर जुळणाऱ्या पोशाखानं जे मिळालं नव्हतं, ते या वसतिगृहात एका ताटानं आणि एका कामानं मिळवायचा प्रयत्न झाला. जोड्या-मोज्यांचा प्रश्न तिथं कुणी पहिला धरला नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग खाकी चड्डी आली कुठून? दोन वाटांनी. एक वाट पलटणीची. सातारा जिल्ह्यातली गावंच्या गावं मराठा पलटणीत भरती होत. पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावातले ४६ जवान कामी आले आणि गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. हे जवान घरी येताना खाकी ड्रिलचे कपडे, पायाला गुंडाळायच्या पट्ट्या आणि लोकरी मोजे आणत. याच युद्धात अमेरिकेत रेडक्रॉसच्या हाकेला ओ देऊन शाळकरी मुलगेसुद्धा सुया हातात घेऊन सैनिकांसाठी मोजे विणत होते. खंदकातल्या चिखलात पाय सडू नयेत म्हणून कोरडा मोजा बंदुकीइतकाच गरजेचा होता.

दुसरी वाट स्काउटची. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राऊनसी बेटावर पहिलं शिबिर भरवलं, १९०८ मध्ये पुस्तक काढलं, आणि तोकडी पँट, गुडघ्याखाली दुमडलेले मोजे, गळ्यात रुमाल हा पोशाख जगभर गेला. हिंदुस्थानात १९०९ मध्ये पथकं निघाली, पण सुरुवातीला ती युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. हिंदी मुलांसाठी ॲनी बेझंट आणि मदनमोहन मालवीय यांनी वेगळी पथकं उभी केली. बेडन-पॉवेल १९२१ मध्ये इथं येऊन गेले. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी या सगळ्यांची मिळून भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एक संघटना झाली.

या दोन वाटांवरून आलेली खाकी हाफ पँट, पांढरा सदरा आणि गांधी टोपी हा महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या शाळांचा गणवेश होऊन बसला. खाकी ड्रिल दणकट, स्वस्त आणि मळखाऊ. अमेरिकन आईनं काळे मोजे ज्या कारणानं निवडले होते, त्याच कारणानं इथल्या आईनं खाकी पसंत केली. चड्डीच्या मागच्या बाजूला दोन गोल ठिगळं लागत, तीही खाकीच. सदऱ्याला इस्त्री म्हणजे तांब्यात निखारे घालून फिरवणं, आणि चड्डीची घडी पक्की व्हावी म्हणून ती रात्री अंथरुणाखाली ठेवणं. गुडघ्याच्या वर सगळं एका रंगात आलं. गुडघ्याखाली मात्र ज्याचं त्यानं पाहायचं, असाच हिशोब राहिला. एकाच रांगेत कुणी अनवाणी, कुणी टायरच्या चपला घातलेला, कुणी रबरी स्लीपर.

मोजे पहिल्यांदा पायावर चढत ते १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला. लेझीम पथकात किंवा संचलनात निवड झाली की पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पांढरे मोजे हवेत, असा निरोप घरी जाई. बूट थोरल्या भावाचे किंवा शेजाऱ्याचे मागून आणलेले. आदल्या संध्याकाळी ओल्या कपड्यानं पुसून त्यांना खडू घासला जाई. मोज्याचं इलॅस्टिक गेलेलं असलं, तर सायकलच्या ट्यूबचं कडं कापून आतून अडकवायचं, म्हणजे झेंडावंदन होईपर्यंत तो घोट्यावर घसरत नसे. पोटरीवर त्याचा लाल वण दुसऱ्या दिवसापर्यंत राही.

मोजे खेड्यापर्यंत उशिरा पोचण्यामागं यंत्रांचीही गोष्ट आहे. सदऱ्याचं आणि चड्डीचं कापड मागावर, उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलं जातं. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला आणि पुढं कडेगावशेजारच्या विट्यातही यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला. सदऱ्याचं कापड या पट्ट्यात घराशेजारी तयार होऊ लागलं. मोजा मागावर होत नाही. तो एकाच धाग्याचे फासे एकमेकांत ओवून विणावा लागतो, म्हणून तो ताणतो आणि पायाला धरून बसतो. ही वीण यंत्रावर करायची युक्ती विल्यम ली या इंग्रज माणसानं १५८९ मध्ये काढली. पुढं भारतात लुधियाना, कोलकाता अशा ठिकाणी होजिअरीचे कारखाने वाढले आणि मोजा तिथून व्यापाऱ्यांच्या हातून विटा-कऱ्हाडच्या बाजारात येऊ लागला. नायलॉनचे मोजे १९४० साली अमेरिकेत देशभर विक्रीला आले आणि काही दशकांत तसे ताणणारे मोजे इथल्या आठवडी बाजारातही मिळू लागले. एकच माप दोन-तीन वयांच्या मुलांना होई, त्यामुळे ते परवडू लागले. मात्र घाम शोषत नसल्यानं पायाला वास येई आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत.

कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावी १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला. आईनं, विठाईनं, हालअपेष्टांत वाढवलेला हा मुलगा १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. त्यांच्या कारकिर्दीत गरीब घरांतल्या मुलांना फी माफ झाली, २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा उघडली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. सैनिक शाळेत खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा पाय ठेवी तेव्हा टोपीपासून बुटापर्यंत सगळा पोशाख त्याला ठरलेल्या रंगात मिळे, आणि रोज सकाळी तो तपासला जाई. १९४८ मध्ये सुरू झालेली एनसीसी हायस्कुलांतून पोचली होती. तिथंही परेडला मोजा किती बोटं दुमडायचा, हे हवालदार शिकवत असे. सरकारनं मुलाच्या पायापर्यंत गणवेश पुरवल्याची उदाहरणं या मुलखात होती. ती मूठभर निवडलेल्या मुलांपुरती होती, एवढंच.

बाकीच्यांची परिस्थिती पुढची अनेक वर्षं तशीच राहिली. सर्व शिक्षा अभियानातून मोफत गणवेश मिळू लागला, तेव्हा तो सर्व मुलींना आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या मुलग्यांना मिळे. एकाच बाकावरच्या दोन मुलग्यांपैकी एकाला गणवेश आणि दुसऱ्याला नाही, असं वर्गावर्गात झालं. ज्याला मिळाला त्याची जात किंवा गरिबी त्या गठ्ठ्याबरोबर सगळ्यांना कळे. गुरुजींना हे सलत असे. कित्येक गावांत शिक्षकांनी आणि ग्रामस्थांनी वर्गणी काढून उरलेल्या मुलांचे कपडे शिवून घेतले, म्हणजे वेगळेपण दिसू नये.

जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारनं ही तफावत काढून टाकली. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सगळ्या मुलांना गणवेश, आणि त्याबरोबर एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे. बूट-मोज्यांसाठी दर विद्यार्थ्यामागं १७० रुपये ठरले. महाराष्ट्रातल्या सरकारी शाळेच्या गणवेशात पायमोजा सगळ्यांसाठी पहिल्यांदा मोजला गेला तो इथं. खाकी चड्डीचा जमाना तोपर्यंत बहुतेक सरला होता. आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट हा राज्याचा रंग ठरला.

पुढच्या वर्षी सगळ्या राज्याला एकच गणवेश द्यायचा घाट घातला गेला. कापड एका ठिकाणाहून, शिलाई महिला बचत गटांकडून, आणि दुसरा जोड स्काउट-गाइडच्या धर्तीवरचा. १५ जूनला शाळा उघडल्या, पावसाळा गेला, तरी अनेक शाळांत गणवेश पोचले नव्हते, जिथं पोचले तिथं मापं चुकली होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि २०२५-२६ पासून गणवेश घ्यायचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला.

आज कडेगावच्या रस्त्यावर सकाळी इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या बसमध्ये चढणारी मुलं टाय, पट्टा, काळे बूट आणि शाळेच्या रंगाची पट्टी असलेल्या मोज्यांत दिसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीच गोष्ट १७० रुपयांत बसवायची आहे. समितीत पालक असतात, गावातला शिंपी माहितीतला असतो, बाजारातला भाव ठाऊक असतो. रंग आणि माप नीट निवडायला ही माणसं पुरेशी आहेत. सुती मोजा घ्यायचा की नायलॉनचा, गडद घ्यायचा की पांढरा, तिसरीतल्या पोराच्या पायाला सहावीतल्याचं माप देऊन चालणार नाही, पावसाळ्यात एक जोडी वाळत असताना दुसरी हवीच, हे त्यांना कुणी सांगायला नको. अडचण एवढीच की त्यांना पैसे वेळेवर हवेत. ते मे महिन्यात खात्यावर आले, तर १५ जूनला वर्गातली सगळी मुलं बूट-मोज्यांत बसतील. दिवाळीत आले, तर पावसाळ्याचे चार महिने काही मुलं चिखलातून अनवाणी येतील, आणि फेब्रुवारीत जंताची गोळी खायला पुन्हा रांगेत उभी राहतील.